गाळलेला कचरा

पाणमांजर आहे की नाही हे कळायला आता नदीकाठी दबा धरून बसावं लागत नसे. बाटलीभर पाणी पुरे. जो जीव पाण्यात उतरतो तो कातडीचे कण, केस, लाळ मागे ठेवून जातो, आणि त्यावरून तो कोण ते यंत्र सांगतं. याला 'जलठसा' म्हणत. 'नदीसखी' संस्थेच्या प्रमिलाबाई हजारनीस यांनी हे तंत्र उभं केलं आणि त्या जोरावर संस्था तगवली. नाहीतर देशात पक्ष एकच. त्याच्या मर्जीवाचून साधं रोपटं लावायचीही सोय नव्हती!

पक्षाचे समन्वयक तोरस्कर आले तेव्हा बाई खुशीत होत्या. नदीच्या काळडोहात पाणमांजरांचे ठसे मिळाले होते. तिथं होऊ घातलेलं धरण रद्द होऊन खोऱ्याचं अभयारण्य व्हायला आता फक्त यांची सही हवी होती.

"माणूस उतरला तरी कळतं?" तोरस्करांनी विचारलं.

"कळतं की! पण माणसाचे ठसे म्हणजे आमच्या लेखी कचरा. गाळून टाकतो. कितीही हातमोजे घाला, माझाच ठसा प्रत्येक बाटलीत निघतो."

"मग तो कचरा आम्हाला देत चला. अभयारण्य तुमचं."

पक्षाला नकोशी झालेली माणसं रानात लपतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंचा स्वतःचा मुलगा निरंजन पक्षाविरुद्ध बोलून परागंदा झाला होता. पण तो सीमेपलीकडे सुखरूप आहे, असं त्यांनी मनाला बजावून ठेवलं होतं. रानात असतील ते चोरटे शिकारी. मरेनात का मेले! त्यांनी मान डोलावली.

मंजुरी आली. तोरस्कर स्वतः पेढे घेऊन हजर.

"बाई, एक गंमत सांगू? डोहात एका माणसाचा ठसा सापडला. तुमच्या ठशाशी निम्मा जुळतो."

आईचा निम्मा वाटा लेकरात उतरतो, हे बाई शाळाशाळांतून मुलांना शिकवत आल्या होत्या. हातातला पेढा तसाच राहिला.

"साहेब, पाया पडते तुमच्या! सोडा हो त्याला!"

"आता कुठलं सोडायचं? काल खोरं मोकळं केलं. 'अभयारण्यात माणसाचा वावर नको' ही मागणी तुमचीच ना? आम्ही शब्द पाळला. घ्या, पेढा घ्या."

पुढच्या महिन्यात बाईंनी स्वतः जाऊन काळडोहाचं पाणी आणलं आणि यंत्राला लावलं. पाणमांजरांचे ठसे होते, नव्या पिल्लांचेसुद्धा. गाळण्याजोगा एकच ठसा निघाला, त्यांचा स्वतःचा.