नेरिसच्या दारात आलेली मारी

दार नीट लावलंत ना? मग बसा. चहा गार होऊ देऊ नका. आणि मध्येच कुणी हसलं, तर गोष्ट तिथेच थांबेल.

हे ज्याच्या बाबतीत घडलं त्या इल्टिडला मी तीस वर्षं खिळे पुरवले. वेल्समधल्या आमच्या याच खोऱ्यात, वरच्या गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान. माणूस व्यवहाराला चोख, थापा मारणारा नव्हे. त्याची बायको नेरिस मात्र शब्दांची राणी. सणाच्या दिवसांत मारी दारात आली की आतून उत्तर द्यायचं ते तिनेच.

मारी तुम्ही पाहिली आहेच. काठीवर घोडीची कवटी, अंगावर पांढरी चादर, डोळ्यांत बाटलीची काच. चादरीखालचा माणूस दोरी ओढून जबडा वाजवतो. बाहेरच्यांनी कडवं म्हणायचं, आतल्यांनी कडव्यानेच उत्तर द्यायचं. कडवं तिथल्या तिथे जुळवलेलं हवं, जुनं चालत नाही. उत्तर सुचेनासं झालं की दार उघडायचं. एरवी त्यात भ्यायचं काय? आत येतात, केक खातात, बिअर पितात, घराचं भलं चिंतून जातात.

तर २०२३ सालचा एकतीस डिसेंबर, रविवार. नेरिसला न्यूमोनिया झालेला. दवाखान्यात राहायला तिने साफ नकार दिला होता. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र नीट काढली तर सुटलो. श्वास लागला तर लगेच फोन करा." औषध संपत आलेलं, म्हणून इल्टिड गाडी काढून ब्रिजेंडला गेला. परतताना पावणेअकराला खालच्या वळणावरच्या पबपाशी थांबला. आत मारीवाली मंडळी बसलेली. कवटी टेबलावर, आणि ती नाचवणारा डिल्विन ग्लास घेऊन तिच्या शेजारी.

"या दुकानदार! यंदा तुम्हीच का उत्तर देणार?" डिल्विन ओरडला. "किलोवर देणार की डझनावर?"

सगळा पब हसला.

"यंदा आमच्याकडे येऊ नका रे," इल्टिड म्हणाला. "नेरिसचं खरं नाही."

डिल्विन उठून उभा राहिला. "नाही येत. माझा शब्द. आणि काही लागलं तर रात्री केव्हाही हाक मार, लेका."

घरी येऊन त्याने नेरिसला औषध दिलं. ती तापात होती, डोळे उघडले नाहीत. तो खाली स्वयंपाकघरात आला आणि किटली ठेवली.

सव्वाअकरा झाले होते.

दारावर ठोका पडला. मग आवाज… कट… कट… जबड्याचा.

इल्टिडला संताप आला. शब्द दिला होता ना गाढवाने! तो दाराशी गेला, तेवढ्यात बाहेरून कडवं आलं.

"रात्र काळी, वाट ओली, पाय गेले गारठून,
दार उघड, दुकानदारा, किती बसशील गुरफटून?"

"डिल्विन, लाज वाटते का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "वर ती झोपलीय."

कट. कट. पुन्हा तेच कडवं, यावेळी जरा मोठ्याने. नेरिस जागी होईल म्हणून त्याने सुचेल ते जुळवलं. सुचणार काय? दुकानातला माल.

"खिळे घे, मोळे घे, घे कडी-कुलूप,
रात्रभर बाहेर थांब आणि राहा चूप!"

स्वतःवरच खूश होऊन त्याने खिशातून फोन काढला आणि डिल्विनला लावला. बाहेर घंटी वाजेल, मग चांगला झापतो, असं त्याच्या मनात.

बाहेर घंटी वाजली नाही.

फोन उचलला गेला. मागे पबातला गोंगाट. "काय रे? नेरिस बरी आहे ना?"

"तू… कुठे आहेस?"

"इथेच. का?"

"आणि मारी?"

"ही काय, समोर. टेबलावर."

इल्टिडने फोन खाली घेतला. दारापलीकडून आवाज आला. आता अगदी जवळून, लाकडाला तोंड लावल्यासारखा.

"कुलूप नको, कडी नको, नको तुझा माल,
वर कोण खोकतं, तिचा सांग जरा हाल."

नेरिस त्या रात्री एकदाही खोकली नव्हती.

त्याने उत्तर दिलं. बिजागऱ्या, पत्रे, दोरखंड, रंगाचे डबे, हाताला येईल ते यमकात कोंबलं. घामाने शर्ट भिजला. बाहेरचं थकत नव्हतं. त्याला आता एकच कळत होतं. हे आत आलं की वर जाणार.

पावणेबाराला दुकान संपलं. सगळं दुकान.

"पायऱ्या तेरा, वळण डावं, उशी पडली ओली,
वाट सोड, दुकानदारा, ठाऊक मला खोली."

काही सुचेना. काही म्हणजे काहीच. मग हातातल्या फोनकडे लक्ष गेलं. मागच्या वर्षीचा व्हिडिओ! नेरिस दारामागे उभी राहून कडवी म्हणतेय. त्याने आवाज पूर्ण वाढवला आणि फोन दाराला टेकवला. नेरिसचा खणखणीत आवाज घरभर घुमला.

बाहेर शांत.



जिंकलो, असं त्याला वाटलं.

मग दारापलीकडून आवाज आला. कडवं नव्हतं. साधं बोलणं. आणि आवाज नेरिसचा.

"हे मागच्या वर्षी ऐकलंय."

हरल्यावर दार उघडायचं. इल्टिड शपथेवर सांगतो, त्याने कडी काढली नाही. पण कडीवरचा हात त्याचाच होता.

दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ओली वाट. अंधार. त्याच्या अंगावरून काहीतरी गेलं. गार.

मागे पहिली पायरी वाजली.

मग दुसरी…

तो वळू शकला नाही. तो मोजत राहिला. अकरा… बारा… तेरा.

वरचं दार लागलं. हळूच.

खोऱ्यात बाराचे ठोके पडले, फटाके फुटले, आणि त्याचे पाय सुटले. तो धडपडत वर गेला. खोलीत नेरिस एकटीच. कपाळ गार. श्वास संथ. ताप उतरला होता. इल्टिड पलंगाशी बसून लहान मुलासारखा रडला.

नेरिस वाचली. आजही ठणठणीत आहे. कडवं मात्र त्यानंतर एकही म्हणाली नाही. म्हणते, शब्दच येत नाहीत.

पण त्या पहाटे उजाडल्यावर तिने कूस बदलली आणि इल्टिडला तिची मान दिसली. कानामागून मानेपर्यंत केसांच्या बारीक वेण्या. घट्ट, एकीला एक लागून. जत्रेत नेताना घोडीच्या आयाळीच्या घालतात ना, तशा. त्या सुटेनात. तिच्या बहिणीने येऊन दुपारी कात्रीने कापल्या.

इल्टिडने त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. मला दाखवल्या. मी हातात घेऊन पाहिल्या आहेत, पोरांनो.

नेरिसचे केस रेशमासारखे.

माणसाचा केस इतका जाड नसतो.