दोघं जरा जवळ या

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून टाकतो, कारण ऐकायला बसलेला माणूस पहिलं तेच विचारतो. भर दुपार होती. थंडीचे दिवस, स्वच्छ ऊन, रविवार. जागा म्हणजे गावाबाहेरची बंद पडलेली दगडखाण. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी तिखटमीठ लावत नाहीये. लावायची गरजच नाही.

घरात त्याला सगळे भटक्या म्हणतात. नाव मोठं, पण बिचाऱ्याचं भटकणं होत कुठे? त्याच्या मामांच्या फोटो स्टुडिओत तो कामाला. दिवसभर तेच स्टूल, तोच पांढरा पडदा, तेच दोन दिवे. ओळखपत्राचे फोटो काढायचे आणि तीच वाक्यं म्हणायची. मान सरळ. हनुवटी जरा खाली. हलू नका.

जीव मात्र सगळा बाहेर. डोंगर, पाणी, पाखरं. लांब जायला सवड नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी आसपासचंच धुंडाळायचा. ओढे, माळ, पडक्या भिंती. मामा म्हणायचे, डोंगराला काही ओळखपत्र लागत नाही रे बाबा, आपलं पोट भरतं ते माणसांच्या तोंडांवर. तो हसून सोडून द्यायचा.

अशाच कुणाकडून तरी त्याने खाणीबद्दल ऐकलं. काम थांबून वर्षं झालेली. खड्ड्यात पाणी भरलंय, हिरवंगार, आणि तिथे पाखरं उतरतात.

त्याची गाडी दुरुस्तीला दिलेली. म्हणून ताईच्या, म्हणजे आमच्या हिच्या, मागे लागला. तिने कुरकुर केली, थर्मासमध्ये चहा भरला आणि स्कूटर काढली.

वाट खाणीच्या वरच्या कडेला जाऊन संपत होती. हिने झाडाखाली बैठक मारली. भटक्या कॅमेरा गळ्यात अडकवून पुढे गेला, कडेशी पालथा पडला आणि खाली बघू लागला.

पाणी खरंच सुंदर होतं.

पण पाखरं नव्हती. एकही नाही.

त्याने वाट पाहिली. हळूहळू लक्षात आलं, नुसती पाखरंच नाहीत असं नाही. किडे नाहीत. गवताची सळसळ नाही. वारा गालाला लागत होता, पण त्याचा आवाज...

नव्हता.

कानात बोळे घातल्यासारखं झालं होतं सगळं. तो उठला. दुसरी लेन्स घ्यायला पिशवीकडे चार पावलं आला. आता कडा त्याच्या पाठीशी होता आणि समोर झुडपं.

झुडपांतून आवाज आला.

"हलू नका..."

पुरुषाचा आवाज. शांत, अदबीचा. भटक्याला वाटलं, आपल्यासारखाच कुणी वेडा दिसतोय. आपल्या मागे एखादं पाखरू बसलं असणार, त्याचा फोटो घेतोय. तो जागच्या जागी थांबला. फोटोवाल्याची अडचण फोटोवाल्यालाच कळते.

"हां... छान. हनुवटी जरा खाली."

म्हणजे पाखराचा नाही. फोटो त्याचाच चालला होता.

त्याने मला नंतर सांगितलं, भाऊजी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरातल्या सगळ्या फोटोंत सगळे आहेत, तो नाही. तो कायम कॅमेऱ्यामागे. कुणीतरी आपल्याला उभं करतंय, आपल्याकडे नीट बघतंय... त्याने केसांवरून हात फिरवला. हसला.

"जरा मागे."

तो एक पाऊल मागे सरला.

"अजून थोडं..."

सरला.

डोक्यात कुठेतरी कळत होतं की मागे कडा आहे. पण जे शब्द त्याने जन्मभर लोकांना सांगितले, ते आज त्याला कुणी सांगत होतं, आणि अंग आपोआप ऐकत होतं.

"आता दोघं जरा जवळ या."

दोघं?

त्याला वाटलं, ताई आली असेल मागून. मान वळवायची नव्हती. त्याने समोर बघतच डावा हात लांब केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

खांदा होता.

ओला होता. कापड चिंब, आणि कापडाखाली नुसतं हाड. थंडी बोटांतून वर चढत कोपरापर्यंत आली. ही भिजली कुठे, असं त्याच्या मनात आलं...

तेवढ्यात झाडाखालून ताई बाहेर आली.

समोरून.

उन्हात, हातात थर्मास घेऊन, ती त्याच्याकडे चालत येत होती.

भटक्याच्या तोंडचं पाणी पळालं. हात काढायचा होता, निघेना. ओरडायचं होतं, पण चेहरा तसाच हसरा राहिला होता. शेजारून श्वासाचा आवाज नाही, काहीच नाही. फक्त पाणी ठिबकत होतं, त्याच्या बुटावर. टप... टप...

"शेवटचं. अगदी थोडं मागे..."

त्याची टाच मागे गेली. टाचेखाली काहीच नव्हतं.

आणि ताई ठेचकाळली. थर्मास तिच्या हातातून सुटला, उतारावरून गडगडत त्याच्या पायाजवळून कड्यापार गेला. खडकांवर आपटत, खणखणत, खाली खाली... तो खणखणाट कानात घुसला आणि मघापासून हरवलेले सगळे आवाज एकदम परत आले. वारा, गवत, सगळं. भटक्या पुढे गुडघ्यांवर कोसळला.

शेजारी कुणी नव्हतं.

झुडपांतून फक्त एक उसासा आला. मग तोच आवाज, जरासा नाराज...

"हललात ना."

त्यानंतर दोघं स्कूटरपर्यंत कशी पोचली, हे दोघांनाही सांगता येत नाही. तो घरी आला तेव्हा डावी बाही कोपरापर्यंत ओली होती. ती मी स्वतः पिळली.

लोक विचारतात, कॅमेऱ्यात काय आलं? काही नाही. पाणी आणि दगड.

मामा धीराचे. दोन दिवसांनी दोन मित्रांना घेऊन बघून आले. झुडपं होती, पण त्यांच्यामागे माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती, लगेच खडक. आसपास चौकशीही केली. कुणी बुडाल्याचं, कुणी मेल्याचं, कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

आवाज ऐकलास का, असं मी हिला तेव्हाच विचारलं होतं. ती नाही म्हणाली. भाऊ कड्याकडे सरकताना दिसला, म्हणून उठून गेले, एवढंच. भटक्याने स्टुडिओत कॅमेरा धरणं सोडलं. आता तो मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसतो, लोकांना स्टुलावर बसवायचं काम मामांचं. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जाऊन लांबचे डोंगर बघतो, पण घराची पायरी उतरत नाही.

विषय तिथेच मिटला असता.

गेल्या महिन्यात ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता एकदम म्हणाली, "मी त्याला वाचवायला निघालेच नव्हते."

मला आधी कळलंच नाही.

"मला बोलावलं. ताई, तुम्ही पण या ना, इथे जागा आहे, असं म्हणाली. म्हणून मी चालले होते. पाय अडकला नसता तर त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले असते."

"म्हणाली? कोण म्हणाली?"

तिने टॉवेलची घडी नीट केली.

"त्याने जिच्या खांद्यावर हात ठेवला होता, ती."

ती कशी होती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनेच सांगितलं. हसत होती म्हणे. फोटोत हसतात तशी.

मी हे भटक्याच्या कानावर घातलेलं नाही. घालणार होतो. पण परवा त्याचा फोन आला, रविवारी मोकळे आहात का म्हणून. आवाज बऱ्याच दिवसांनी खुशीत होता. मी म्हटलं, कुठे जायचंय? तर म्हणाला, "खाणीवर. फोटो अर्धवट राहिलाय ना, भाऊजी. वाईट वाटतं हो. ती माणसं थांबली असतील."

मी कामाचं निमित्त सांगून टाळलं. मामांना सांगून त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यायला लावली.

आज रविवार आहे. सकाळपासून मी त्याला फोन लावतोय.

वाजतोय... पण अजून उचललेला नाही.

आणि आमची हीसुद्धा स्वयंपाकघरात दिसत नाहीये. दारात स्कूटरही नाही.