दमायच्या आधी

कोरगावात माणूस चालताना दिसला तर त्याला दुचाकीवर घेतात आणि वाटेत बसलेला दिसला तर पाणी आणून देतात. पद्मा रोज दोन्ही करायची, त्यामुळे गावाची पंचाईत व्हायची.

वाचनालयाला कुलूप लावलं की ती शेताच्या बांधावरून मानशीपर्यंत जायची. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून जो लाकडी दरवाजा असतो, ती मानस. तिथल्या दगडावर बसायची, उठायची, परत यायची. ह्या उद्योगाला गावात नाव नव्हतं.

भाद्रपद सरत आला होता. भुरभुर पाऊस होता. दगडाशी एक मोटरसायकल थांबली.

"बस गेली," वरचा माणूस म्हणाला.

"जाऊ दे."

"दुसरी आता नाही."

"मला बस नको आहे."

"मग कुठं जायचंय?"

"इथंच यायचं होतं. आले."

त्याने दगडाकडे नीट पाहिलं. दगडात काही विशेष नव्हतं. मग त्याने पद्माकडे पाहिलं… आणि दगडाचा विषय त्याच्या डोक्यातून गेला.

"पावसात बसायला?"

"मी आधी बसले. पाऊस नंतर आला."

हा सगुण. हळर्णचा. गावच्या शाळेत नुकताच बदलून आलेला पीटी मास्तर. गळ्यातली शिट्टी काढायला तो रोज विसरायचा, त्यामुळे त्याच्याशी बोलणाऱ्याला आपण काहीतरी चुकलोय असं वाटत राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याची मोटरसायकल बांधाच्या तोंडाशीच उभी राहिली आणि तो पद्माबरोबर चालू लागला. व्यायाम म्हणून, असं त्याने सांगितलं. दिवसभर पोरांना पळवणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी व्यायाम कशाला हवा, हे पद्माने विचारलं नाही. काही प्रश्न विचारले तर उत्तरं मिळतात.

मात्र एक गोष्ट सगुणला कळेना. गप्पा रंगात आल्या की ही उठायची.

"अहो, माझं वाक्य अर्धं आहे."

"उरलेलं उद्या," ती म्हणायची आणि चालू लागायची.

त्याला वाटलं, आपण कंटाळवाणे आहोत. तो रात्री विनोद पाठ करून येऊ लागला. विनोदाच्या ऐन शेवटाला ती उठली.

ती का उठायची ते असं. दोन पावसाळ्यांमागे पद्माला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना अंगदुखी इथंच विसरून गेला. सकाळी उठताना हातपाय दुसऱ्याचे असल्यासारखे जड. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं बरोबर. गावाचं निदान पक्कं होतं: लग्न झालं की बरी होईल. शेवटी पणजीच्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला लांबलचक नाव दिलं आणि दुखणं खरं आहे असं म्हटलं, तेव्हा पद्मा तिथंच रडली. बाई म्हणाल्या, "अंथरूण धरून बसू नकोस आणि ताकद आली म्हणून धावूही नकोस. सोसेल तेवढंच चाल. दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांब. आणि वाईट दिवसापेक्षा बऱ्या दिवसाला भी. हे दुखणं जागच्या जागी बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाब विचारतं."

बऱ्या दिवसाला भिऊन राहणं सोपं नाही. अंग हलकं असलं की पद्मा जास्तच जपून पाऊल टाकायची. आणि सगुण भेटल्यापासून सगळेच दिवस बरे वाटायला लागले होते, ही तर फारच काळजीची गोष्ट.

हे त्याला सांगायचं कसं? डिचोलीचं एक स्थळ तिचं दुखणं ऐकून चहा न संपवताच उठलं होतं.

एके दिवशी ऊन पडलं होतं. भातावर वारा होता. सगुण म्हणाला, "आज काय सुंदर चालताय. चला, त्या फणसापर्यंत जाऊ."

"नको."

"अजून थोडंसंच."

पीटी मास्तरचं हे आवडतं वाक्य. पण खरं सांगायचं तर पद्मा त्याच्या शब्दासाठी गेली नाही. तिलाच जायचं होतं. फणसापाशी तिने त्याचं वाक्य पहिल्यांदा पुरं होऊ दिलं. विनोद फारसा चांगला नव्हता. ती खूप हसली.

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिला केस विंचरायला हात वर नेता येईना. वाचनालय बंद राहिलं. सगुण रोज संध्याकाळी दगडावर बसून राहिला, आणि गावाने त्याला पाणी आणून दिलं.

ती आली तेव्हा कार्तिक लागला होता. वाळलेली, भिंतीला धरून चालावं तशी बांधावरून चालत. तिने बसल्या बसल्या सगळं सांगितलं. तापापासून डिचोलीच्या चहापर्यंत. सांगताना त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आता उठेल, शिट्टी सावरेल, मोटरसायकल सुरू होईल… तिने त्या आवाजाची तयारी ठेवली होती.

"म्हणजे फणस मी दाखवला," तो म्हणाला.

"गेले मी."

"रोज पोरांना सांगतो मी, दमलात ना, मग आणखी एक फेरी. अकरा वर्षं सांगतोय." त्याने शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. "तू आधी थांबायचीस ते म्हणून?"

"हं."

"मला वाटलं, मी कंटाळवाणा आहे."

"तेही आहेच," पद्मा म्हणाली. तो तिला 'तू' म्हणाला होता. ते तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग दुसरं काही लक्षात येईना.

त्यानंतर गप्पा रंगल्या की तोच उठू लागला. निम्म्या वाक्यावर. पौषात एकदा म्हणाला, "पद्मा, मी आईशी बोललोय, तुझी हरकत नसेल तर आपण—" आणि उठला. ती रात्रभर झोपली नाही. त्या दुखण्याला हे अजिबात चालत नाही, पण डॉक्टरीणबाईंनी ह्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हरकत नाही. पण आईंना दुखण्याचं सांगायचं नाही. आत्ताच नाही."

"लपवायचं?"

"त्या चहा न संपवता उठल्या तर?"

सगुणला ते पटलं नाही. पण तो गप्प बसला, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण त्यांच्या घरी देवाचा कौल घेतल्याशिवाय लग्न ठरत नसे. मूर्तीला पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि देव डोंगरावर. मुलीने बरोबर यायचं, पायऱ्या चढायच्या.

"काळजी करू नकोस," सगुण म्हणाला. "प्रत्येक टप्प्यावर मी बसेन. मला दम लागला म्हणेन. तू आपलं माझ्यासाठी थांबायचं."

फाल्गुनातल्या एका सकाळी पद्मा, सगुण आणि त्याची आई अशी तिघं चढू लागली. बाजूला काजूची बोंडं पिकून पडली होती, सगळ्या डोंगराला गोड आंबूस वास. पहिल्या टप्प्यावर सगुण मटकन बसला. दुसऱ्या टप्प्यावर त्याने छातीला हात लावला. सोंग वाईट होतं, पण मनापासून होतं. पद्मा शेजारी बसायची आणि वर उरलेल्या पायऱ्या मोजायची.

तिसऱ्या टप्प्यावर त्याची आई, सत्यवती, म्हणाली, "झऱ्यावरसून पाणी घेवन ये रे. सावकाश जा."

तो गेला. सत्यवतीने पदराने तोंड पुसलं.

"बाय, तुका एक सांगूचा हा. माझो झील असो नव्हतो. ल्हान आसताना ह्यो पायऱ्यो धावान चढा आणि वरसून माका हाक मारी. आता बघलंस? दर टप्प्यार बसता. छातयेक हात लायता." तिचा आवाज खाली आला. "माका दिसता, काळजाचा कायतरी आसा. मी त्येका इचारूक ना. पण तुका सांगल्याबगर लगीन करूचा म्हणजे फसवणूक. तू ना म्हटलंस तरी मी रागावचंय ना."

पद्माला पायरी दिसेनाशी झाली. ही बाई मुलाचं नसलेलं दुखणं सांगत होती, आणि आपण आपलं असलेलं लपवत होतो.

"आई, तो बरा आहे," ती म्हणाली. "तो माझ्यासाठी बसतो. दुखणं मला आहे."

आणि तिने सांगितलं. खाली कुठंतरी एक बोंड पडल्याचा आवाज आला.

"बरा जातला?"

"कमी-जास्त होतं. पुरतं बरं होईल असं कुणी सांगितलेलं नाही."

"आणि सांगूक भियालंस."

"डिचोलीचे लोक चहा न संपवता उठले होते."

सत्यवतीने पडलेलं एक बोंड उचलून पुसलं.

"चाय कशी होती?"

"चांगली होती."

"मगे ते पिशे, खुळे," सत्यवती म्हणाली. मग जरा सरकून तिने सावलीतली जागा पद्माला दिली. "लपयलंस ता वायट. परत लपव नको. आणि आता वर जावक नको."

सगुण पाणी घेऊन धापा टाकत आला.

"सोंग पुरे," आई म्हणाली. "पीटी मास्तर ना रे तू? धाव वर. पाकळी लावन घे. आमी हयसरच बसतों."

त्याने पद्माकडे पाहिलं. तिने मान हलवली. शिट्टी वाजल्यासारखा तो सुटला.

मग वाट पाहणं. झाडीतून देवळाचा कळस तेवढा दिसत होता. पद्माची नजर तिथून हलेना.

"डावी पडली तर?"

"मगे दुसऱ्या देवाक इचारूया," सत्यवती म्हणाली. "गोंयांत देव काय उणे आसत?" पण तिचंही लक्ष कळसावरच होतं, आणि पद्माचा हात तिने कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही.

वरून हाक आली. "आई… उजवी…"

पद्मा ताडकन उभी राहिली. अंग पिसासारखं हलकं झालं होतं, आज कुठलीच पायरी जड गेली नसती. तिला वर धावत जावंसं वाटलं.

म्हणजे थांबायची वेळ झाली होती. ती खाली बसली.

सगुण दोन-दोन पायऱ्या उतरत आला. आता त्याला खरोखर दम लागला होता आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता. तो तिच्या शेजारी टेकला. "पद्मा," तो म्हणाला, "मला तुला एवढंच सांगायचंय की…"

"उरलेलं उद्या," पद्मा म्हणाली, आणि उठायला त्याच्यापुढे हात केला.