अजान होईपर्यंत

सोहाग शहराच्या बाजारातून निघायला सबरीला उशीर झाला, तो निव्वळ स्वतःच्या बडबडीपायी. पाण्याचा पंप केव्हाच दुरुस्त झाला होता, तरी हा मालकाशी गप्पा हाणत बसला. आणि आजच घरी आठ वर्षांच्या हनीनचा पहिला रोजा! सकाळी तिने बजावलं होतं, "बाबा, पहिला खजूर तुमच्याच हातचा. तोवर पाण्याचा थेंबही नाही." सबरीने छातीवर हात ठेवून कबूल केलं होतं. आता अजानला वीस मिनिटं उरली होती आणि घर तीस किलोमीटरवर होतं.

रस्त्याकडेला साठच्या वेगमर्यादेची पाटी होती. रमजानमध्ये त्या वेळेला ती कोण वाचतो? सबरीच्या मोटारसायकलचा काटा शंभरावर गेला.

उसाच्या मळ्याजवळच्या वळणावर, अशाच एका पाटीखाली, एक म्हातारा खजुरांची परात घेऊन उभा होता. उशीर झालेल्यांनी घराच्या ओढीने गाड्या पिटाळू नयेत, म्हणून असे लोक गावोगावी उभे असतातच. हा मात्र पार रस्त्यात आला.

"हळू रे बाबा! दोन खजूर घे. अजान झाली की इथंच रोजा सोड, नि मग जा सावकाश."

"तुम्हीच खा, काका! माझी लेक वाट बघतेय!"

हँडल परातीला लागलं. मागे परात आपटल्याचा आवाज आला, आणि काहीतरी जड पडल्याचाही. सबरीला लाज वाटली, पण तो थांबला नाही.

थोड्या वेळाने पुन्हा उसाचं तेच वळण आलं. तीच पाटी. म्हातारा तसाच उभा, परात भरलेली.

उपासाने डोकं फिरलं असेल, असं म्हणत त्याने काटा एकशेवीसवर नेला. पुन्हा वळण. पुन्हा म्हातारा. सूर्य झाडांवर हातभर उंच होता, तो काही केल्या खाली येईना. उसाचं एक पान हलत नव्हतं. जळक्या रबराचा वास नाकात बसला होता. नवव्या खेपेला सबरीने ब्रेक दाबला.

"बैस," म्हातारा म्हणाला. तो मुळीच रागावला नव्हता, आणि त्याचीच सबरीला जास्त भीती वाटली.

पाटीमागे चटईवर पाच जण बसले होते, धुळीने माखलेले. प्रत्येकाच्या हातात एक खजूर होता.

"काका, चुकलो. आता तीसने जातो... जाऊ द्या मला."

"अजान झाली की जा."

"कधी होईल...?"

चटईवरचा एक जण कोरडं हसला. "मी निघालो तेव्हा बायको पोटुशी होती. आता त्या पोराला मिशा फुटल्या असतील."

इतक्यात खिशातला फोन वाजला.

"बाबा, कुठं आहात? अजान कधीच झाली. सगळे जेवले... माझा घसा दुखतोय."

"हनीन, आधी पाणी पी. ऐक माझं, खाऊन घे..."

"नाही! ठरलंय ना आपलं?" मग ती एकदम खिदळली. "अय्या, तुमची मोटारसायकल! दारात येऊन फोनवर बोलताय? लबाड!"

सबरीने गर्रकन वळून पाहिलं. मोटारसायकल नव्हती. म्हाताराही नव्हता.

"दार उघडू नकोस... हनीन, ते मी नाही...!"

फोनमध्ये कडी वाजली. मग सबरीला स्वतःचाच आवाज ऐकू आला. शांत, जराही न दमलेला.

"कर आ."

हनीन काहीतरी चावत होती. "किती गार आहे हा, बाबा," ती म्हणाली. "अजून एक द्या ना."

"घे की. आता मला कुठंच जायची घाई नाही."