हरभऱ्याची हळद

देवासहून धामनोदला जाणारी बस सुटली, तेव्हा कृतिकाच्या मांडीवर काचेची बरणी होती आणि शेजारची जागा रिकामी. एक तरुण चालत्या बसमध्ये चढला, तोल जाऊन नेमका त्याच जागेवर आदळला.

"भिया, जरा हळू," कृतिका माळवी लकबीत म्हणाली. "फाटेल ना ती."

"काय फाटेल?" त्यानं बरणीत डोकावून पाहिलं. पाण्यावर पातळ पापुद्रा तरंगत होता. "दुधाची साय?"

"जिवाणूंची. जिवंत आहे."

"चावते?"

"तुम्हाला चावली तर तीच आजारी पडेल."

तो हसला. मग तीही... सुटे जिवाणू मातीत टिकत नाहीत, तिनं सांगितलं. एकमेकांना धरून असा चिकट थर केला की मुळाला बिलगून राहतात, रोप वाळवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीला जवळ फिरकू देत नाहीत. धामनोदच्या शेतकऱ्यांना हेच दाखवायला ती देवासच्या प्रयोगशाळेतून निघाली होती.

"म्हणजे एकत्र कुटुंब म्हणा की."

त्याचं नाव प्रणव. धरमपुरीजवळ शेती. दोन वर्षं हरभरा उभ्या उभ्या वाळत होता. यंदाही गेला, तर वडील हंबीरराव जमीन बटाईनं देणार आणि त्याला पीथमपूरच्या कारखान्यात धाडणार.

"एक शेत तुमच्या सायीला देतो," तो म्हणाला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

कार्तिकात पेरणी ठरली, तोवर फोनवरचं 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं. त्या सकाळी कृतिकानं प्रणवच्या अंगणातल्या सावलीत बियाण्याला बरणीतले जिवाणू चोळले. घमेलं धरताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही काढून घेतली नाहीत.

तेवढ्यात प्रणवच्या आत्या, अक्का, हळदीचं ताट घेऊन आल्या. थोरल्या बाईनं बियाण्याला हळद चोळल्याशिवाय या घरातलं बी शेतात जात नसे.

"ये बाळ, पहिली मूठ तू लाव," अक्का म्हणाल्या.

एवढा मान! कृतिकानं प्रणवकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. गप्प राहिली तर पीक जाणार, बोलली तर हे घर.

"अक्का... हळद नको."

हंबीररावांनी चष्मा काढला. "चार पिढ्या लागतेय ती. तुमच्या बरणीला विटाळ होतो काय?"

"नाही, काका. हळद जंतू मारते, म्हणून तर आपण ती जखमेत भरतो. पण तिला चांगले-वाईट ओळखता येत नाहीत. हे सगळे मरतील, आणि मग—" तिनं घमेलं जवळ ओढलं. "मग प्रणव पीथमपूरला जाईल."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे. त्या ट्रॅक्टरपाशी गेल्या आणि पेरणीयंत्राच्या लोखंडी पट्टीला हळदीची बोटं ओढली.

"याला तर चालेल ना? याच्यात जीव नाही."

नंतर मात्र प्रणवचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. वाईट कळण्यापेक्षा न कळलेलं बरं वाटत होतं. पौषातल्या एका दुपारी तो देवासला तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा दिसला. हातात ओल्या फडक्यात हरभऱ्याचं मुळासकट रोप, पानं हिरवीगार, मुळांवर निरोगी, फिकट गुलाबी गाठी.

"शेजारचं शेत वाळलं. आपलं उभं आहे."

"आणि पीथमपूर?"

"बाबांनी परत नाव काढलं नाही."

"मग फोन का नाही केलास इतके दिवस?"

"पीक मेलं असतं तर काय सांगायचं होतं तुला?" तो घुटमळला. "पुढच्या पेरणीला येशील?"

"येईन की. खरीप आणि रब्बी, वर्षातून दोनदा."

"तेवढ्यानं माझं भागत नाही, कृतिका."

तिनं रोप त्याच्या हातातून घेतलं. माती तिच्या ओढणीवर सांडत होती.

"अक्कांना माहीत आहे, तू आलायस ते?"

"त्यांनीच पाठवलं. म्हणाल्या, भर अंगणात मला 'नको' म्हणणारी पोरगी तुला 'हो' म्हणते का, बघून ये."

"म्हणते," कृतिका हळूच म्हणाली. "सांग त्यांना."