ट्रकचा धक्का

महिनाअखेरीची दुपार होती. डोंगरावरच्या आमच्या वेधशाळेत मी नेहमीसारखा मासिक अहवाल लिहीत बसलो होतो. पाऊस निरंक. भूकंपाचे धक्के एकोणीस, सगळे सौम्य. खिडकीबाहेर धुकं होतं, आणि खोलीत यंत्राच्या सुईची बारीक खरखर चालू होती.

वहिनी चहा घेऊन आली.

दादाला जाऊन पाच महिने झाले होते. तुम्हाला म्हणून सांगतो, चूक माझीच. भर पावसात पर्जन्यमापक बघायला जायचा कंटाळा आला, म्हणून मी अंदाजपंचे कमी आकडा टाकला. त्यामुळे दादाची वस्ती हलवायचा हुकूम निघालाच नाही. दादाला ते कळलं होतं. “उद्या तुझ्या साहेबांना सांगतो,” म्हणाला आणि घरी गेला. संध्याकाळी घरावर दरड आली. वहिनी माहेरी होती, म्हणून वाचली; तेव्हापासून ती वेधशाळेतच माझ्याकडे राहत होती.

दुसऱ्या दिवसापासून सुई ठोके काढू लागली. तीन ठोके, जरा शांत, परत तीन. धक्का किती लांबून आला ते यंत्रावरून कळतं. मोजलं, तर नेमकं दादाच्या घराचं अंतर. असं अकरा दिवस चाललं. खणायला कुणालाही पाठवता आलं असतं. मी शेऱ्यात लिहिलं, ‘ट्रकचा धक्का’. भाऊ माझा होता, पण नोकरीही माझीच होती.

बाराव्या दिवशी ठोके थांबले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढच्या महिन्यात ते परत सुरू झाले. फक्त अंतर घटत चाललं होतं. दोन किलोमीटर, मग एक, मग दीडशे मीटर.

वहिनीने कप ठेवला आणि फलकावरच्या, दरडीच्या महिन्यातल्या अहवालावर बोट टेकवलं.

“भावजी, इथे लिहिलंय, दरडीमुळे रस्ता महिनाभर बंद.”

“हो... मग?”

“मग ट्रक कुठून आला?”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बाहेर गेली आणि दाराला कडी घातली.

“वहिनी... दार उघड!”

“ओरडा, भावजी. कुणी विचारलंच, तर सांगेन... ट्रक गेला.”

तिची पावलं लांब गेली. सुई हलली. आता मोजायला अंतरच नव्हतं. माझ्या पायाखालची फरशी खालून वाजत होती. तीन ठोके, जरा शांत, परत तीन.

सकाळी शिपायाने दार उघडलं. मी बदली मागून घेतली. या गावात डोंगर नाही, यंत्र नाही, आणि गेलं वर्षभर मी एकाही माणसाला हे सांगितलेलं नव्हतं.

पण तुम्ही... तुम्ही आत्ता पाय वर का घेतलेत?