सिसिलीला निघालेले सरगुंडे

शेवटच्या साध्या दिवशी आई गच्चीवर सरगुंडे वळत बसली होती आणि माझ्याशी तुपावरून भांडत होती.

"लग्नाला तूप न्यायचं नाही? असा कुठला कायदा गं?"

"त्या देशात बाहेरचं दूधदुभतं नेता येत नाही, आई. पियुषने किती वेळा सांगितलं तुला."

"पियुषने सांगितलं म्हणजे झालंच मग," ती म्हणाली. काडीवर कणकेची बारीक दोरी गुंडाळत तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काही सांगायचंय का तुला?"

मी खाटेवरचा मलमलीचा कपडा सारखा करायला वळले.

"काही नाही गं. ऊन बघ किती वाढलंय."

"ऊन तर दिसतंच आहे," आई म्हणाली आणि पुन्हा वळायला लागली.

सरगुंडे म्हणजे घट्ट भिजवलेल्या गव्हाच्या कणकेची दोरी करून काडीवर वळायची, जराशी सुकली की काडी अलगद ओढून घ्यायची, आणि राहिलेलं वेटोळं उन्हात खडखडीत वाळवायचं. उकडून दूध-गुळासोबत किंवा आमरसासोबत वाढायचे. आमच्याकडे नवा जावई पहिल्यांदा जेवायला बसला की त्याच्या ताटात ते लागतातच. बाबा गेल्यापासून आई अमरावतीतल्या अर्ध्या लग्नघरांसाठी सरगुंडे वळत आली होती.

त्या दिवशी मोठे डबे भरून झाल्यावर तिने एक छोटा डबा वेगळा भरला. माझ्या जुन्या पिवळ्या ओढणीचा तुकडा फाडून त्याचं तोंड बांधलं.

"हा विमानात नाही जायचा?" मी विचारलं.

"नाही. घरासाठी आहे. लागतात."

मी खाली जाऊन दोघींसाठी लिंबाचं सरबत केलं. साखर कमी पडली म्हणून ती पुन्हा भांडली.

पियुष मला भेटला तो बडनेरा स्टेशनवर. मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संध्याकाळच्या गाडीने परतले होते, आणि फलाटावर पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस हातात सामान तोलायचा काटा घेऊन चेहरे वाचत उभा होता. त्याने नेमकं मलाच गाठलं.

"मॅडम, अमरावतीच्या सरगुंडेवाल्या कुंदाकाकू कुठं राह्यतात, माहीत आहे काय?"

"काय काम आहे?"

"त्यायले विमानात बसवाचं आहे."

मला हसू आलं. "त्यांना विचारलंय का?"

"म्हंजे... तुमी वळखता त्यायले?"

"लहानपणापासून. माझी आई आहे."

त्याने काटा उगाच पाठीमागे लपवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग स्वतःच हसला, आणि ते हसू पुरतं ओसरायच्या आत म्हणाला, "मंग रिक्षा एकच करू."

अकोल्याच्या डाळमिलवाल्या शेषरावजींच्या मुलीचं, आरतीचं, लग्न सिसिली बेटावर व्हायचं होतं. बाकीचे पाहुणे नेहमीच्या विमानांनी जाणार होते. घरच्या मंडळींसाठी मात्र त्यांनी आख्खं जेट भाड्याने घेतलं होतं, आणि पियुष त्या कंपनीचा माणूस होता. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातला, नोकरीसाठी मुंबईला राहणारा. जावयाच्या पहिल्या ताटात सरगुंडे हवेतच, असा शेषरावजींच्या बायकोचा, रागिणीबाईंचा हट्ट होता. तिथे उकडणार कोण? म्हणून एक जागा आईसाठी होती.

"शेषरावजी म्हणतात, जेट आमच्या अकोल्याहूनच उडालं पाहिजे," तो रिक्षात सांगत होता. "तिथल्या शिवणीची धावपट्टी पुरत नाही त्याले. कसंबसं अमरावतीच्या बेलोऱ्यावर आणलं त्यायले. बेलोऱ्याहून नागपूर, तिथं पासपोर्टवर शिक्के, मंग सिसिली."

"म्हणजे सिसिलीला जायला आधी नागपूरला?"

"अमरावतीहून कुठंबी जायले आधी बडनेऱ्याले येता का नाही? तसंच."

आईने त्याला उंबऱ्यातच सांगून टाकलं, मी कुठेही जाणार नाही. त्याने वाद घातला नाही. चहा घेता घेता मोबाईलवर एक चित्रफीत लावून तिच्यापुढे धरली. सिसिलीच्या डोंगरातल्या एका गावात एक म्हातारी ओट्याशी बसून गवताच्या काडीवर कणीक वळत होती. तसंच वेटोळं. तीच अंगठ्याची ढकल.

आईने ती तीनदा पाहिली.

"ही काडी आधी ओढते," ती अखेरीस म्हणाली. "ओली असताना. तुटत कसं नाही? मला हे बघायचंय." आणि मग, "पासपोर्टला फोटो कुठला चालतो?"

त्या बेटाबद्दल मी बरंच वाचलं होतं. धुमसता डोंगर, लिंबाच्या बागा, देवळांचे खांब. त्या काडीबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं.

त्यानंतर पियुष येतच राहिला. कधी आईच्या सह्या हव्या असायच्या, कधी डबे तोलायचे असायचे. अकोल्याच्या पाहुण्यांचे पासपोर्ट गोळा करताना दुपारी माझ्या ग्रंथालयात डोकवायचा. बाहेर एप्रिलचं ऊन भाजत असायचं, आत वाळ्याच्या कूलरचा ओला वास... आणि तो माझ्या टेबलासमोर एखादं जाडजूड पुस्तक उघडून बसायचा.

"उलटं धरलंय," मी एकदा हळूच म्हटलं.

"वाचून कोण राह्यलं? बसायले कारण पायजे ना काही."

"इथे बोलायला मनाई आहे."

"म्हनून तर येतो. तुमी बोलत नाही, पण उठूनबी जात नाही."

मी पुस्तक त्याच्या हातातून घेऊन सुलटं करून दिलं. बोटांना बोटं लागली. त्यानेही काढून घेतली नाहीत, मीही नाही. कूलरचं पाणी संपल्याचा खडखडाट झाला, तेव्हा कुठे आम्ही दोघेही दचकलो.

मे महिन्यात, अकोला स्टेशनच्या बाकावर, त्याने मला सरळच विचारलं.

"मैथिली, मले तुमच्यासंग राह्यचं आहे. मुंबईले. काकूले तुमी सांगता का मी सांगू?"

मला नकोसं काहीच नव्हतं. पण मुंबई म्हटली की मला आई दिसायची. एकटीसाठी वरण-भात लावणारी, गच्चीचा जिना धापा टाकत चढणारी. तिच्याजवळ पियुषचं नाव काढलं की त्याच वाक्यात तिला सोडून जाण्याचं बोलणंही आलंच.

"सिसिलीहून ती परत येऊ दे," मी म्हटलं. "मग मी सांगते."

"काहून? आजच काहून नाही?"

"तिचं पहिलं विमान आहे, पियुष. तिला आनंदात जाऊ दे."

तो माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडी येईपर्यंत बसून राहिला, एवढंच.

आणि मग तो तुपाचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गच्चीच्या जिन्यावर मध्येच बसली, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ती भिंतीला टेकूनच गेली होती. पाणी लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेट उडायचं होतं. मामा नको म्हणत होता, तरी मी डबे रिक्षात घालून बेलोऱ्याला गेले. आईने शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत ती फार कडक होती. तिला नाही, तर निदान तिच्या हातच्या वस्तूला तरी जाता यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

पियुष फाटकाशी उभा होता. त्याने डबे आत नेले आणि विमानाच्या पोटात नीट रचले. विमान लहानसं होतं, पांढरंशुभ्र. आईला दिलेल्या खिडकीच्या जागेवर फुलांचे खोके ठेवलेले बाहेरून दिसत होते.

तेवढ्यात रागिणीबाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. हातभर अंतर ठेवूनच बोलल्या.

"वाईट झालं गं. तू आलीस, मोठं मन आहे तुझं. पण डबे परत ने. जावयाच्या पहिल्या ताटात सुतकाच्या घरचं कसं वाढू?"

"आई असताना केलेले आहेत ते," मी म्हटलं.

"हो बाई. पण आता ती नाही ना."

मग त्या पियुषकडे वळल्या. "उतरवा ते."

मी पियुषकडे पाहिलं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग वाकला, आणि ज्या हातांनी डबे रचले होते त्याच हातांनी एकेक काढून माझ्या पायाशी आणून ठेवू लागला. सावकाश, आवाज न करता.

"ठेवतो इथं," तो म्हणाला.

विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मी रिक्षात होते. वर पाहिलं नाही. घरी आल्यावर डबे उतरवताना एक कमी वाटला. मी शोधला नाही.

तेरावा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, एका दुपारी पियुष आला. आईच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. तोच, कमी पडलेला.

"माह्या बॅगेत टाकला होता," तो म्हणाला. "लग्न झाल्यावर त्या म्हातारीच्या गावाले गेलो. चित्रफितीतली."

मी डब्याकडे पाहत राहिले.

"तिनं एक सरगुंडा उचलला, कानापाशी नेऊन मोडला. आवाज ऐकून हसली. मंग मले विचारलं, करणारी कुठं आहे म्हनून."

"भाषा कळली?"

"तेवढी कळली."

"काय सांगितलंत?"

"मले कुठं बोलता येते तिथलं? हातानं सांगितलं." त्याने तळवा वर उचलला, तसा तो हवेतच राहिला... पुढची खूण त्याला पुन्हा करता आली नाही. "तिनं हे देलं. काकूसाठी."

एक गवताची काडी होती. मधोमध गुळगुळीत झालेली.

मी ती हातात घेतली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं विचारून टाकलं.

"बेलोऱ्याला तुम्ही बोलला का नाही? एक वाक्य. कुंदाकाकूंनी हे माझ्यासमोर वळलेत, एवढं तरी."

"नोकरी होती," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "नाही. नोकरी नाही. भेलो. मोठ्या लोकायसमोर आमच्या घरात कोनी बोलतच नाही. बापबी नाही, मीबी नाही."

"माझ्या आईचे डबे तुम्ही जमिनीवर ठेवलेत."

"ठेवले."

"मी ते विसरणार नाही."

"नका इसरू." त्याने मान वर केली. डोळे भरले होते, आवाज मात्र साधा होता. "मुंबईची गाडी सांजची आहे. मी काही मागाले नाही आलो. काडी द्यायची होती."

तो उठला. चपला घालायला दारापाशी गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. आता मला अमरावतीत अडवणारं कुणी उरलं नव्हतं. ज्या कारणासाठी मी थांबले होते ते कारणच उरलं नव्हतं. याचा राग कुणावर काढायचा, ते मला कळत नव्हतं.

"जेवलात?" मी विचारलं.

"गाडीत खाईन काही."

"बसा."

मी स्वयंपाकघरात गेले. पाणी उकळायला ठेवलं. त्याने आणलेल्या डब्याला हात लावला नाही, बेलोऱ्याहून परत आलेल्यांनाही नाही. फळीवर मागे आईने सारलेला तो छोटा डबा होता, पिवळ्या ओढणीने तोंड बांधलेला. घरासाठी आहे, ती म्हणाली होती. लागतात.

गाठ सोडताना माझे हात थांबले. आमच्या घरी जावई नव्हता. आम्ही दोघी तर ते कधी खातही नव्हतो. मग ह्या घरात सरगुंडे कुणाला लागणार होते?

पाणी उकळून वर आलं तेव्हा भानावर आले. सरगुंडे सोडले, शिजवले, निथळले. दुधात गूळ विरघळवला. वरून तूप घातलं. इथे तुपाला कुठलाच कायदा आडवा येत नव्हता. ताट घेऊन बाहेर आले, पाट मांडला, ताट त्याच्यापुढे ठेवलं.

दर्यापूरकडचा मुलगा तो. त्याला सांगावं लागलं नाही. त्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईच्या फोटोकडे.

"हे... मले?"

"तिने वेगळे करून ठेवले होते."

"म्हंजे काकूले माहीत होतं?"

उत्तर त्याला द्यायचं नव्हतंच. तो ताटाला हात न लावता बसून होता. गच्चीच्या दारातून जिन्यावर ऊन आलं होतं, आई बसली होती त्याच पायरीपर्यंत. मी जिन्यापाशी गेले, कठड्याला धरलं, आणि वर, रिकाम्या खाटेच्या दिशेने, मोठ्याने म्हटलं,

"आई, सांगायचं होतं. मला पियुष आवडतो. पण तुला सोडून जायचं नव्हतं गं मला."